शेकाचा पाइप

१

पॉवर सप्लाय निवडताना लग्नाच्या जेवणावळीचा हिशेब धरावा, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. शंभर पानं उठणार असतील तर दोनशेंचा स्वयंपाक मांडावा. मशीन जेवढी वीज खाईल त्याच्या दुप्पट ताकदीचा सप्लाय घ्यायचा. मग तो निम्म्या ओझ्यावर चालतो, फारसा तापत नाही आणि कुरकुर न करता वर्षानुवर्षं राबतो. ऐकत कोणी नाही. लोक स्वस्तातला उचलतात, पूर्ण दमावर पळवतात आणि चार-सहा महिन्यांत जळक्या वासाचा डबा घेऊन माझ्याच दारात येतात.

पाटोद्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि कॅमेरे बसवायचं दुकान आहे. घरी मागच्या खोलीत मी क्रिप्टोची सहा लहान मशीनं चालवतो. ती अखंड आकडेमोड करत बसतात आणि त्या बदल्यात आभासी नाण्याचा कण कण जमा होतो. गल्लीत त्या खोलीला ‘जीवनची गिरणी’ म्हणतात. गिरणी म्हणावं इतकं पीठ काही पडत नाही, पण उष्णता मात्र पोत्यानं पडते.

म्हणून माझा सगळा जीव त्या खोलीच्या हवेत. सप्लाय मी जुन्या सर्व्हरमधले घेतले होते. दणकट माल, पण त्यांचे छोटे पंखे कानात शिट्ट्या मारायचे. ते काढून रुंद पात्यांचे, संथ फिरणारे पंखे बसवले. खिडकीला बारीक जाळी लावली. गार हवा एका अंगानं आत यायची, गरम हवा दुसऱ्या अंगानं बाहेर जायची, आणि दोघींची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच या धंद्यातलं शास्त्र. गरम हवा बाहेर न्यायला स्वयंपाकघराच्या चिमणीला लावतात तसला चंदेरी पाइप होता.

घरात मी आणि आई, जाईबाई. वडील आबासाहेब प्राथमिक शाळेत मास्तर होते, ते आता नाहीत. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हाच भुतंखेतं, उतारे, दृष्ट ही सगळी अडगळ आमच्या घरातून उकिरड्यावर गेली. आबा म्हणायचे, आधी कारण शोधा, मग घाबरा. मी आजवर कारण शोधत आलो आणि घाबरायची वेळ कधी आली नाही. याचा मला थोडा माज होता, हे कबूल करायला हरकत नाही.

२

हिवाळ्यात माझी धाकटी बहीण यशोधरा बाळंतपणाला माहेरी आली. हे तिचं दुसरं. पहिलं लेकरू राहिलं नव्हतं, त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. हे दुसरं दिवस भरायच्या आधीच आलं, पावणेदोन किलोचं. बीडहून अंबाजोगाईला हलवावं लागलं. तिथं ते काचेच्या पेटीत राहिलं आणि अंगावर प्यायला लागलं तसं त्याला घरी सोडलं.

निघताना तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, याला औषधापेक्षा ऊब हवी. गार पडलं तर दूध ओढणार नाही, आणि दूध ओढलं नाही तर आणखी गार पडेल. तळपाय चाचपत राहा. मी मान हलवली. ही तर माझ्याच धंद्यातली गोष्ट होती, फक्त उलट्या बाजूनं.

आमचा पाटोदा डोंगरावर. पौषातला वारा दाराच्या फटीतून सुई घातल्यासारखा आत येतो. आईनं बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची तयारी केली, ओव्याची धुरी काढून ठेवली. मी दोन्हीला आडवा आलो. बंद खोलीत कोळसा म्हणजे विष. मग मला ती युक्ती सुचली. बाळंतिणीची खोली आणि मशीनची खोली यांच्यात एकच भिंत. बाजेच्या उंचीला भिंतीला भोक पाडलं आणि अंगणात जाणारा पाइप वळवून त्या भोकात बसवला. तोंडाला जाळी, जाळीला दुपट्याची एक चिंधी, हवा येते की नाही ते दिसायला. धूर नाही, राख नाही, आच नाही. मी स्वतःवरच खूश झालो.

आई बराच वेळ पाइपासमोर हात धरून उभी राहिली.

“शेक म्हंजी मानसाच्या हाताचा आसतो, बापू,” ती म्हणाली. “ह्यो डब्याचा वारा हाय.”

मी म्हटलं, डब्याचा असू दे, डबा बिड्या ओढत नाही आणि रुसतही नाही. यशोधरा हसली. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

३

बाळानं अंग धरलं. गालावर मांस आलं, रडण्यात जोर आला. रोज सकाळी छबुबाई न्हाऊ घालायला यायची. ती पाटावर बसून दोन्ही पाय लांब पसरायची, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायची, नडग्यांवर बाळाला पालथं टाकायची आणि तेलाच्या हातानं रगडायची. चिमटीएवढं लेकरू त्या दोन पायांच्या पन्हाळीत अगदी घट्ट बसायचं. तिला पाइप आवडला. आईला म्हणाली, लई मऊ ऊब हाय, अंगातून आल्यावाणी.

मग गल्लीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. आमच्याकडे डीपी जळाली की आठवडा धरून चालायचं. दुपारी वीज गेली, सहाही मशीनं गप्प झाली. मला पहिली काळजी वाटली ती बाळाची. दुकान बंद करून मी धावत घरी आलो.

खोली उबदार होती. चिंधी हलत होती.

मी स्वतःला समजावलं, मशीनं तापलेली असतात, ऊब लगेच कशी जाईल. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. उलटा हात धरला. ऊब तेवढीच. मागच्या खोलीत गेलो तर तिथं अंगावर काटा येईल एवढा गारठा. सप्लायच्या पत्र्यांना हात लावला. रांजणासारखे गार. पंखे जागच्या जागी उभे. भिंतीच्या अलीकडे काहीच चालू नव्हतं आणि पलीकडे चिंधी उडत होती.

कारण शोधलं. वरचे पत्रे दिवसभर उन्हात तापतात, गरम हवा वाट मिळेल तिकडे सरकते. कारण बरं होतं. फक्त चिंधी सारखी उडत नव्हती. उठायची, थांबायची, पुन्हा उठायची. ताटातला भात निवावा म्हणून कोणी वेळ घेऊन फुंकर घालावी, तशी.

यशोधरेला मी काही बोललो नाही. बाळ टोपडं घालून गाढ झोपलं होतं. मी त्याचे तळपाय चाचपले. उबदार होते.

४

वीज नव्हतीच. छबुबाई भाच्याच्या लग्नाला चकलांब्याला गेली होती, त्यामुळे आंघोळ आईच्या अंगावर आली. त्या सकाळी आईनं दुपटं सोडलं आणि यशोधरेकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

“मला न सांगता कावून चोळलंस गं? तुला वाकायला मना केलंय ना?”

यशोधरा म्हणाली, मी हातसुद्धा लावला नाही. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. बाळाचं अंग तेलानं चकचकत होतं. मानेच्या वळ्यात, काखेत, बोटांच्या बेचक्यांत, जिथं नवखा माणूस पोचणारच नाही तिथंही तेल नीट जिरवलेलं होतं. आईनं बोट नाकाला लावलं. आमच्या घरात खोबरेल वापरतात. हे खोबरेल नव्हतं. तिनं पदरानं बोट पुसलं आणि पुन्हा पुसलं.

मी म्हटलं, कालचंच असेल, थंडीत तेल अंगावर राहतं. माझं बोलणं मलाच फुसकं वाटलं.

दुपारी आई परसात होती, यशोधरेचा डोळा लागला होता. मी बाजेजवळ मोबाइल चाळत बसलो होतो. पाइपातून आवाज आला. पंख्याचा नव्हे. थप, थप, थप. तळहातानं हलकेच थोपटल्याचा, मध्येच थांबून जरा खाली सरकणारा. बाजेवरचं बाळ झोपेत त्या तालावर ओठ हलवत होतं.

थोपटणं थांबलं की बाळाचे ओठ थांबायचे.

मी उठून पाइपाला कान लावला. आत कोणी तरी गुणगुणत होतं, शब्द नव्हते. मला भीती वाटली, खरी भीती. आणि त्याच वेळी असंही वाटलं की याच आवाजावर मीही कधी तरी झोपलो असेन. हे दुसरं जास्त वाईट होतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी यशोधरेला न्हाणीघरात पाठवलं, बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि बॅटरी घेऊन त्या खोलीत एकटा थांबलो. जाळी काढली. पाइप ओढून भोकातून बाहेर घेतला. पाइपाबरोबर ऊब जायला हवी होती. ती गेली नाही. भोकातूनच येत राहिली, थोडी ओलसर.

कारण शोधा, मग घाबरा. मी बाजेवर गुडघा टेकला, बॅटरी लावली आणि डोळा भोकाला लावला.

पलीकडे माझी मशीनं ठेवलेली लोखंडी मांडणी दिसायला हवी होती. मला दोन तळवे दिसले. माझ्याकडे तोंड केलेले, शेजारी शेजारी. पाण्यात फार वेळ राहिल्यावर कातडी पांढरी पडून सुरकुतते, तसे झाले होते. टाचांना भेगा. त्यांच्यामागे दोन नडग्या, जमिनीवर लांब पसरलेल्या, तेलानं ओल्या. गुडघ्यावर ओढलेला लुगड्याचा काठ. त्यापुढे बॅटरीचा उजेड पोचत नव्हता, आणि पोचावा असं मला वाटलंही नाही.

दोन नडग्यांमधली ती जागा रिकामी होती.

अंधारातून एक हात आला. नडगीवर दोनदा थोपटून गेला. लेकरू आणा इकडे, असं सांगताना बाया जागा दाखवतात ना, अगदी तसंच.

माझ्या हातून बॅटरी पडली. मी दार उघडून, वळसा घालून मागच्या खोलीत गेलो. गेलो म्हणण्यापेक्षा पायांनी नेलं. खोलीत मांडणी होती, गार सप्लाय होते, खिडकीतून ऊन येत होतं. फरशी कोरडी ठणठणीत. भिंतीला भोक होतं आणि भोकातून बाळंतिणीची बाज दिसत होती.

६

त्याच संध्याकाळी मी भोक बुजवलं. आतून वीट, बाहेरून सिमेंट. यशोधरेला सांगितलं की मशीनं जळाली, आता याचा काही उपयोग नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

“दादा, ऊब तर येत हुती.”

मी म्हटलं, आता शेगडी करू. आईनं लगेच निखारे फुलवले. ज्या कोळशाला मी विष म्हणालो होतो तोच मी स्वतः बाजेखाली सारला आणि खिडकी बोटभर उघडी ठेवली. घड्याळवजा तापमापी भिंतीला लावली. खोली छान तापली. आम्हा तिघांना घाम फुटला.

बाळाचे तळपाय गार लागले.

यशोधरेनं पोलक्याची बटणं सोडून त्याला उघड्या छातीला लावलं, वरून दोन रजया घेतल्या, सिस्टरनं शिकवलं होतं तसं. तिच्या गळ्यावरून घाम वाहत होता. आई एकेक पाऊल तळहातात धरून चोळत होती. बाळ रडत नव्हतं. दूध तोंडात जायचं आणि ओठांच्या कोपऱ्यातून तसंच बाहेर यायचं. सकाळपर्यंत त्याचे पाय पोटरीपर्यंत गार झाले.

मी अजिनाथला फोन लावला, शेजारीच राहतो, त्याच्याकडे जीप आहे. तो शेतावर होता. निघालोच म्हणाला. बीडपर्यंतचा रस्ता माझ्या डोळ्यांपुढे आला, मांजरसुंब्याचा घाट, वारा. मी बाळाच्या छातीकडे बघत राहिलो. ती हलत होती, पण मध्ये फार थांबत होती.

मला रडू आलं. मी कधी रडत नाही. आयुष्यभर मी एकच विद्या शिकलो, उष्णता इकडून तिकडे कशी न्यायची, आणि या वीतभर जिवाला मला ऊब देता येत नव्हती.

७

जीप येईल तेव्हा निघायला हवं म्हणून यशोधरा उठली. आईनं तिच्या डोक्याला फडकं बांधलं, स्वेटर शोधायला दोघी पुढच्या खोलीत गेल्या. जाताना तिनं बाळ माझ्या हातात दिलं.

“दादा, मान धर नीट. ह्यो बी गेला तर मी परत जाणार न्हाई त्या घरी.”

एवढंच म्हणाली. धमकी नव्हती, तिनं ते ठरवलं होतं.

मी बाळाला घेऊन खोलीच्या दाराबाहेर येऊन उभा राहिलो. त्याचे ओठ निळसर होते. मी पाच पोरांच्या वर्गात पहिला आलेला, मास्तरचा मुलगा. माझ्याजवळ कारण नव्हतं. मागच्या खोलीचं दार चार पावलांवर होतं आणि दाराखालच्या फटीतून माझ्या पायांना ऊब लागत होती.

मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. मी दार अर्धं उघडलं. आत बघितलं नाही. डोळे मिटले आणि दोन्ही हात, बाळासकट, आत धरले. माझ्या मनगटांपर्यंत ती ओलसर ऊब आली.

आधी मान उचलली गेली. नवख्या माणसाच्या हातून मान लटकते, इथं आधी मानेखाली आधार आला, मग पाठीखाली, मग कमरेखाली. ज्यानं घेतलं त्याला लेकरू घेणं चांगलं ठाऊक होतं. हे कळून मला बरं वाटलं, याचीच मला आजही लाज वाटते. माझे हात रिकामे झाले. मी ते बाहेर घेतले आणि दार ओढून घेतलं.

बाहेर हॉर्न वाजला. यशोधरा स्वेटर घालत आली. माझे रिकामे हात तिला दिसले. ती विचारणार तेवढ्यात आतून बाळ रडलं. जन्मल्यापासून ते एवढ्या जोरात कधी रडलं नव्हतं. अख्ख्या घरात ते रडणं घुमलं. माझी बहीण भिंतीला टेकून खाली बसली, तोंडावर पदर धरला आणि हसत रडू लागली. आईनं बाहेर जाऊन अजिनाथला सांगितलं की थांब जरा, लेकरू रडलंय, आता घाई न्हाई.

“घिऊन ये ना दादा,” यशोधरा म्हणाली. “भूक लागली आसंल त्याला.”

मी दारापाशी गेलो. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं, मग थोपटल्याचा आवाज, मग तोही मंदावला. बाळ झोपत होतं. आत जायचं, हात पुढे करायचे आणि ते परत मागायचं, एवढंच काम उरलं होतं. मी मन घट्ट केलं आणि दारावर तळहात ठेवला. लाकूड थोडं कुरकुरलं.

दाराला अगदी लागून, आतल्या बाजूनं, झोपी गेलेलं लेकरू जागं होऊ नये म्हणून दटावतात तसं कोणी तरी मला हळूच म्हणालं, “श्श.”

मागे यशोधरा पदर सावरून, दूध पाजायच्या तयारीनं वाट बघत बसली होती. मी दारावरचा हात काढून घेतला.